कायमची नोकरी गेली, कंत्राट आले : आता लढाई निर्वाह वेतनाची

भद्रावतीत दिवस उजाडतो तो पहिल्या पाळीला निघालेल्या गाड्यांच्या आवाजाने. कोणी माजरीकडच्या कोळसा खाणीत निघतो, कोणी बरांजला, कोणी आयुध निर्माणीत, कोणी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात. हातात डबा, खिशात गेट पास. गेटवर पोहोचले की मात्र एकाच वस्तीतून निघालेल्या या माणसांच्या दोन रांगा होतात. एका रांगेतल्या माणसाला वेतनश्रेणी आहे, महागाई भत्ता आहे, आजारपणाची रजा आहे. दुसऱ्या रांगेतल्याला फक्त हजेरी आहे. हजेरी लागली तर मजुरी, नाही तर नाही.

या दोन रांगांमधला फरक ऑक्टोबरात अधिक ठळक दिसतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या निमित्ताने चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर अवघा जिल्हा लोटतो. कायम कामगार रजा टाकून बायकापोरांसह येतो. कंत्राटी कामगाराने दिवस बुडवला तर मजुरी जाते आणि ठेकेदाराची बोलणी वेगळी. म्हणून तो रात्रपाळी करून तसाच येतो, वंदना घेतो, पुस्तकांच्या स्टॉलवर दोन पुस्तके चाळतो आणि पुढच्या पाळीला परततो.

आमच्या चळवळीत आरक्षणावर भरपूर बोलले जाते, स्मारकांवर बोलले जाते, निवडणुकीवर तर रात्र रात्र बोलले जाते. या माणसाच्या मजुरीवर मात्र आम्ही फारसे बोलत नाही. ती चूक दुरुस्त करण्याची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते.

रांग कशी बदलली

आमच्या आईवडिलांच्या पिढीतली अनेक घरे एका कायम नोकरीने उभी राहिली. खाणीत, रेल्वेत, एसटीत, आयुध निर्माणीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत घरातला एक माणूस लागला, की भावंडे शिकली, बहिणींची लग्ने कर्जाशिवाय झाली, पक्के घर झाले. आरक्षणाचा खरा अर्थ आमच्या वस्त्यांना असा दरमहाच्या पगारातून कळला.

आज त्याच घरातला मुलगा आयटीआय करतो, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होतो आणि त्याच गेटवर ठेकेदाराचा माणूस म्हणून उभा राहतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. आपली चांदा आयुध निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. बरांजच्या खाणीची कथा वेगळी, पण धडा तोच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये कोळसा खाणपट्ट्यांची वाटपे रद्द केली, त्यात बरांजही होते. खाण थांबली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. ज्याच्या हातात नियुक्तीपत्रच नाही, त्याला या मधल्या काळात हक्काने दाद मागायला जागा कुठे?

ठेकेदाराच्या भरतीला बिंदुनामावली लागू होत नाही. त्यामुळे आरक्षण रद्द करण्याची कोणाला गरजच उरत नाही. काम कंत्राटात घातले की त्या जागेवरचे आरक्षण आपोआप संपते. म्हणून कंत्राटीकरणाविरुद्ध लढलेच पाहिजे. पण ती लढाई जिंकेपर्यंत जो आज त्या रांगेत उभा आहे, त्याच्या घरी आज संध्याकाळी किती पैसे येतात, हा प्रश्नही तितकाच आपला आहे.

किमान, रास्त आणि निर्वाह

वेतनाबद्दल बोलताना तीन शब्दांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या रास्त वेतन समितीने तो सांगितला होता. किमान वेतन म्हणजे कामगाराचा जीव आणि त्याची कामाची शक्ती टिकेल इतके. निर्वाह वेतन म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा यांपलीकडे मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद आणि माणसासारखे जगता येईल इतके. या दोहोंच्या मध्ये रास्त वेतन, जे उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे वाढत जावे. किमान वेतन हा जमिनीचा तळ आहे, निर्वाह वेतन हे पोहोचण्याचे ठिकाण आहे. आपल्याकडे तळच ठिकाण असल्यासारखे वागवले जाते, आणि अनेकांना तोही मिळत नाही.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये 'निर्वाह वेतन' हाच शब्द आहे. शेती असो, उद्योग असो वा अन्य काम, सर्व कामगारांना निर्वाह वेतन आणि समाधानकारक जीवनमान मिळवून देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यामुळे त्याच्या आधारावर थेट कोर्टात जाता येत नाही. तरीही राज्यकारभारात ही तत्त्वे मूलभूत आहेत, असे संविधानच म्हणते.

मग वेतन मोजायचे कसे? त्याची पट्टी १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिली. एका कमावत्या माणसामागे तीन प्रौढांइतका खाणारा भाग धरायचा, प्रत्येकाला रोज २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी. पुढे रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के भाग धरायला सांगितले. ही मागणी कोण्या पुढाऱ्याने हवेतून काढलेली नाही. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर बसून ठरलेली ही पट्टी आहे.

पट्टी लावून पाहू

आता ही पट्टी आकड्यांना लावू. केंद्र सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय तळवेतन रोज १७६ रुपये ठरवले. २०१९ मध्ये त्यात वाढ झाली ती दोन रुपयांची. रोजचे १७८. महिन्यात २६ दिवस काम धरले तर ४,६२८ रुपये. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या अनूप सत्पथी समितीचा अहवाल आला. आहाराचे निकष नव्याने मोजून या समितीने जुलै २०१८ च्या किमतींनुसार रोज ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये तळवेतन असावे, अशी शिफारस केली. सरकारने आपल्याच तज्ज्ञांचे न ऐकता १७८ वर समाधान मानले.

रोजगार हमी ही तर महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. या योजनेचा राज्यातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. म्हणजे २०१८ च्या किमतींवर जो आकडा किमान म्हणून सांगितला होता, तोही सात वर्षांनी गाठलेला नाही. दुसऱ्या बाजूला सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्याचे सर्वात खालचे मूळ वेतन जानेवारी २०१६ पासून महिना १८,००० रुपये केले. त्या कर्मचाऱ्याला ते जास्त मिळते, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एका माणसाच्या कुटुंबाला जगायला १८,००० लागतात, हे सरकारला कळते. मग शेजारच्या घरातल्या माणसाला त्याच बाजारात त्याच भावाने डाळ-तांदूळ घ्यायचे असतात, हे का कळू नये?

'मानधन' नावाची पळवाट

सर्वात वाईट अवस्था आपल्या बायांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महाराष्ट्रात महिना १,५०० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते २,५०० झाले. २६ दिवसांनी भागले तर दिवसाला ९६ रुपये. सरपण किंवा सिलिंडर, तांदूळ निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे, सगळे त्यात आले. सरकारचे स्वतःचे १७८ रुपयांचे तळवेतनही तिला लागू नाही. कारण कागदावर ती कामगारच नाही. तिला मिळते ते 'मानधन'.

या एका शब्दात सारी चलाखी आहे. मानधन म्हटले की किमान वेतन लागत नाही, पीएफ लागत नाही, सहा महिन्यांनी वाढणारा महागाई भत्ता लागत नाही. आशा सेविकांचे आणि अंगणवाडी सेविकांचे दुखणेही हेच. कोरोनाच्या काळात ज्या घरोघर फिरल्या, त्या आशांना २०२३ च्या अखेरीस संपावर जावे लागले, तेव्हा कुठे मोबदल्यात वाढ झाली. अंगणवाडी सेविकाही त्याच हिवाळ्यात रस्त्यावर होत्या.

मान देऊन काम करून घ्यायचे आणि धन द्यायचे नाही, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. बलुत्याच्या आणि वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांकडून गावाची सारी कामे करून घेतली जात होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच बेगारीविरुद्ध. वतन गेले, पण काम ठरलेले आणि मोबदला मर्जीचा, ही वृत्ती 'मानधन' या शब्दात शिल्लक आहे.

'परवडत नाही' हे उत्तर तपासू

मजुरी वाढवा म्हटले की उत्तर ठरलेले असते : परवडत नाही, मजुरी वाढली तर कामे बंद पडतील. याच्या जोडीला दुसरे उत्तर असते : या पैशात काम करायला माणसे तयार आहेत ना?

दुसऱ्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कधीच दिले आहे. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात आणि १९८३ च्या संजीत रॉय खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात घेतलेले काम हे अनुच्छेद २३ ने बंदी घातलेले सक्तीचे श्रम आहे. चाबूक मारणारा कोणी असायलाच हवा असे नाही. भूक हीसुद्धा सक्तीच असते. उपाशी माणूस 'हो' म्हणाला म्हणून ते त्याचे स्वातंत्र्य होत नाही.

पहिल्या उत्तराचे काय? निविदेत सर्वात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळते. यंत्र, डिझेल, लोखंड यांचे भाव ठेकेदाराच्या हातात नसतात. हातात असते ती फक्त मजुरी. म्हणून बोली खाली आणायची तर ती मजुराच्या ताटातूनच आणली जाते. कामगारांकडून ऐकायला मिळणारी तक्रार अशी, की खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि नंतर त्यातली काही रक्कम रोख परत मागितली जाते. कागद स्वच्छ, खिसा रिकामा. हे न परवडण्याचे लक्षण नाही, देखरेख नसण्याचे आहे.

परवडते, याचे उदाहरण आपल्याच कोळसा पट्ट्यात आहे. कामगार संघटनांच्या रेट्यामुळे कोल इंडियाने खाणकामातल्या कंत्राटी कामगारांसाठी सरकारी किमान वेतनापेक्षा वेगळा, जास्त दर मान्य केला. जानेवारी २०१३ पासून अकुशल कामगारासाठी तो रोज ४६४ रुपये होता, पुढे वाढतही गेला. त्यामुळे कोळसा निघायचा थांबला नाही. आता प्रश्न उरतो तो हा दर प्रत्येक ठेक्यात, प्रत्येक माणसाच्या हातात पूर्ण पडतो का, एवढाच.

दुसरे उदाहरण शेजारच्या गडचिरोलीतले. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच. विकणारी मात्र ग्रामसभा झाली, आणि मजुरी ठरवताना मजूर स्वतः बसू लागला. मजुरी किती परवडते हे पुष्कळदा, ती ठरवायला कोण बसते यावर अवलंबून असते.

बाबासाहेबांचे काम, बुद्धाची शिकवण

बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, हे तरुणांना कितपत सांगितले जाते? डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत प्रत्यक्ष खाली उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीत काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी कायदेमंडळात मांडले. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले. त्याआधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क हिरावणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता.

जात आणि मजुरी यांची गाठही त्यांनी उघडी करून दाखवली. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे वीणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या उष्ट्याचा विटाळ मानला जाई. संपात एकजूट मागणाऱ्या संघटनांना त्यांनी विचारले, की या खात्याचे दार आमच्यासाठी कधी उघडणार? आजही राख उचलणे, गटार साफ करणे, कचरा वेचणे या सर्वात कमी मजुरीच्या कामांत कोणत्या वस्त्यांतली माणसे दिसतात, ते पाहायला सर्वेक्षणाची गरज नाही.

अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका आपण बहुतेक वेळा कामगाराच्या बाजूने समजून घेतो : कोणाचे नुकसान न करता कमवावे. पण बुद्धाने काम देणाऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुट्टी द्यावी. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात तर राज्य बिघडण्याचा क्रमच सांगितला आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. भद्रावतीच्या विजासन टेकडीवर आपण सहल म्हणून जातो, लेण्यांतल्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडतो. तो खडक छिन्नीने कोरणाऱ्या हातांचाही विचार तिथे कधी मनात यावा.

हा आरसा स्वतःकडेही वळवू. आपल्यातले काही आज अधिकारी आहेत, काही ठेकेदारही आहेत. घरकाम करणाऱ्या बाईला आपण काय देतो? ती आजारी पडली तर दिवस कापतो का? विहाराचे बांधकाम ज्या मजुरांनी केले, त्यांना पूर्ण मजुरी मिळाली का? धम्म दुसऱ्याला सांगण्याआधी हे हिशेब चुकते झाले पाहिजेत.

आता काय करायचे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेसह चारही श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या अनेक तरतुदींना कामगार संघटनांचा विरोध आहे, कामावरून काढणे सोपे होईल ही भीती खरी आहे. पण ज्या गोष्टी हातात आल्या आहेत, त्या वापरायला शिकले पाहिजे. पूर्वी किमान वेतन ठरावीक यादीतल्या उद्योगांनाच होते, आता ते सर्व कर्मचाऱ्यांना आहे. पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि त्यावर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, नव्या संहितेतही आहे. कायम कामगारासारखेच काम करणाऱ्याला समान वेतन मिळावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांबाबत सांगितले आहे. ते बोट धरून पुढे जाता येते.

आमच्या मागण्या चार आहेत. तळवेतन १९५७ च्या पट्टीने, आजच्या बाजारभावाने ठरवा. पोषण आहार, आशा, अंगणवाडी यांच्या कामाला 'मानधन' म्हणणे बंद करून वेतन द्या. सरकारी कंपन्यांच्या निविदेत मजुरीचा भाग बोलीतून वगळा, म्हणजे त्यावर कोणाला स्पर्धाच करता येणार नाही. आणि प्रत्येक गेटवर कामाचा प्रकार व रोजचा दर मराठीत फलकावर लावा.

तरुणांनी सुरुवात आपल्या विहारापासून करावी. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसा. कामगारांना पगाराची पावती, हजेरी कार्ड, पीएफचा यूएएन क्रमांक आणायला सांगा. जे वकिलीचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी ते तपासावे. कोळसा खाण आणि आयुध निर्माणीतले प्रकरण केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते, राज्याच्या वीज केंद्रातले राज्याच्या कामगार खात्याकडे. एवढे माहीत नसल्याने कित्येक अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. एकट्याने अर्ज केला तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेट पास थांबू शकतो. म्हणून अर्ज पन्नास सह्यांचा असावा, संघटनेच्या नावाने असावा, आणि त्यात जात-धर्म न पाहता त्या रांगेतला प्रत्येक कामगार असावा. गोंड, कुणबी, तेली, मुस्लिम, परप्रांतीय, ज्याची मजुरी बुडते तो आपला.

येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल आणखी मांडू. वर लिहू : 'आपली पगाराची पावती इथे तपासून घ्या.' रात्रपाळी करून आलेल्या त्या माणसाला दुसऱ्या पाळीला परतण्याआधी तिथे दहा मिनिटे बसता आले, तरी त्या दिवसाचे काम पुढे जाईल.

जय भीम.